अर्धशिशीचं नाव

वैष्णवीने एकही गोळी चुकवली नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गावात आता भलतंच बोललं जातं. कोणी म्हणतं तिने एका दिवसाला दोन-दोन खाल्ल्या. कोणी म्हणतं उपाशीपोटी खाल्ल्या. एकीने तर मला तोंडावर सुनावलं की गोळ्यांची तारीख उलटून गेली होती आणि मी त्या तशाच खपवल्या. मी बारा वर्षं या गावात आशाताई म्हणून काम करते. कोणत्या घरात कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला ठाऊक असतं. गोळ्या इतक्या नियमाने घेणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. आणि तीच आज बसवली तर बसते, निजवली तर निजते.

वैष्णवी रोहिणखेडची लेक. सहा वर्षांपूर्वी भगवंतरावांची सून होऊन आली. आमचं गाव धाडच्या रस्त्यावर, घरटी थोडाफार भाजीपाला. भगवंतरावांचं दीड एकर बागायत आहे, त्यात मेथी, कोथिंबीर, वांगी. आल्या वर्षीच तिने नवऱ्याकडून, हर्षलकडून, पडीक रानात स्कूटी शिकून घेतली. पहिल्याच दिवशी नालीत पडली आणि नालीतच बसून हसत राहिली. तिचं हसणं चार घरं ओलांडून ऐकू यायचं. भगवंतराव घसा खाकरायचे, मग ती ओढणीचा बोळा तोंडात घालून हसायची.

धाडच्या आठवडी बाजारात ती स्वतः बसायची. पायाशी कोथिंबिरीचं पोतं, हातात तराजू. कोणी भाव पाडून मागितला की ती त्या माणसाची त्याच्यासमोरच नक्कल करायची, आणि तो हसून तिने सांगितलेल्या भावाने जुडी घेऊन जायचा. माझीही नक्कल करायची. माझी पिशवी खांद्यावर घेतल्यासारखं करून, मान तिरपी करून, "बाई, लोहाची गोळी घेतली का?" असं विचारत अंगणभर फिरायची. मला राग यायचा आणि हसूही यायचं. ती मला सुचिताताई म्हणायची, पण काही हवं असलं की नुसतं "ओ ताई" म्हणायची.

तिला दोन मुली. दोघींमध्ये सोळा महिन्यांचं अंतर, आणि दोन्ही वेळा पोट कापून बाळंतपण. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीण बाईंनी तिला आणि हर्षलला समोर बसवून सांगितलं की आतला टाका पातळ झाला आहे, आता निदान तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत, आणि कायमचं ऑपरेशन केलं तर उत्तम. ऑपरेशनला भगवंतराव तयार नव्हते. वाईट माणूस नाही तो. सुनेला ताप आला तर स्वतः दवाखान्यात नेणारा आहे. पण नातू बघितल्याशिवाय ऑपरेशन नाही, एवढं एकच धरून बसला होता. तांबी बसवून पाहिली, तर महिनाभर अंगावरून जात राहिलं आणि काढून टाकावी लागली. निरोधच्या पाकिटांवर हर्षलचा भरवसा नव्हता आणि हर्षलवर तिचा नव्हता.

गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर ती माझ्या घरी आली. धाकटी आठ महिन्यांची होती, ती कडेवर. एरवी दारातून हाका मारत येणारी बाई त्या दिवशी चपला काढून मुकाट्याने आत आली.

"ताई, मले तिसरं बाळंतपण सोसाचं नाही," ती म्हणाली. "मी त्यात मरीन. ह्या दोघींचं मंग कोन करीन? काहीतरी द्या."

मी दिलं. पण आंधळेपणाने दिलं नाही. गोळ्या सुरू करण्याआधी विचारायच्या प्रश्नांचा कागद असतो, तो मी काढला. उपकेंद्रात नेऊन सिस्टरकडून तिचं बीपी मोजून घेतलं, ते नीट होतं. मग एकेक प्रश्न विचारत गेले. तंबाखू, मिश्री? नाही. पायाच्या पोटरीला कधी सूज, गाठ? नाही. छातीत दुखणं? नाही. कावीळ झाली होती? नाही. अंगावर पाजणं? वरचं सुरू आहे, सहा महिने होऊन गेलेत.

"अर्धशिशी आहे का गं?" मी विचारलं.

तिने ओढणी डोक्यावर ओढून घेतली. मला वाटलं मागे कोणी मोठं माणूस आलं, म्हणून मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. "नाही," ती म्हणाली. मी "नाही"च्या चौकोनात खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

मग गोळ्यांचं पाकीट उघडून दाखवलं. एकवीस पांढऱ्या, त्या औषधाच्या. सात तपकिरी, त्या लोहाच्या. पाळी आली की पहिल्या दिवशी सुरू करायची, रोज एक, ठरलेल्या वेळी, आणि तपकिरी संपल्या की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट. एक राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची आणि त्या दिवशीची तिच्या वेळेला. दोन-तीन राहिल्या तर मला येऊन सांगायचं आणि आठवडाभर निरोध वापरायचा. हे सगळं तिने एकदा ऐकून घडाघडा म्हणून दाखवलं. आणि शेवटी, कधी डोकं भयंकर दुखलं, डोळ्यांना दिसेनासं झालं, छातीत किंवा पोटात जोरात कळ आली, पोटरी सुजली, हातपाय बधिर झाला, तर गोळी बंद करायची आणि तडक माझ्याकडे यायचं. हेही तिने बोटांवर मोजून म्हणून दाखवलं.

वेळ तिने स्वतः ठरवली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की गोळी. पाकीट देव्हाऱ्यात, हळदीच्या डबीमागे. सासऱ्याचा हात तिथे जात नाही, असं तिचं म्हणणं. दर महिन्याला मी नवं पाकीट द्यायला गेले की जुनं रिकामं पाकीट ती मला दाखवायची. एकही घर भरलेलं नसायचं. मी विचारायचे, काही त्रास? ती म्हणायची, "काही नाही ताई, मस्त." तालुक्याच्या बैठकीत मी तिचं उदाहरण दिलं होतं. नाव न घेता, पण छाती फुगवून दिलं होतं.

आता माझ्या सासूबाईंचं सांगायला हवं. त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, आणि त्यांच्याविषयी बोलताना माझा आवाज चढला तर चढू दे.

माझ्या सासूबाई सोजराबाई. माहेर हिवरा आश्रमाकडचं. पंचाहत्तरी पार केली, तरी ताठ चालतात. त्या अर्धशिशी उतरवतात. म्हणजे उतरवायच्या. दर रविवारी पहाटे, दिवस निघायच्या आधी, आमच्या मागच्या अंगणात बाया यायच्या. डोक्यावरून पदर नाहीतर ओढणी घेऊन उगवतीकडे तोंड करून बसायचं, डोळे मिटायचे. सासूबाई अंगठ्याने कपाळाची दुखरी बाजू दाबत पुटपुटायच्या, राखेची तीन बोटं ओढायच्या, काळ्या दोऱ्याला सात गाठी मारून तो दोरा बाईच्या हातात द्यायच्या. तो रुईच्या झाडाला बांधून मागे न बघता घरी जायचं. एक नारळसुद्धा घेतला नाही त्यांनी कधी. मावशीने शिकवलेली विद्या, ती विकायची नाही, असं त्या म्हणायच्या.

त्यात एक नियम होता, आणि सगळा जीव त्या नियमात होता. एकदा उतरवून घेतलं की त्या दुखण्याचं नाव जन्मभर तोंडातून काढायचं नाही. कोणी विचारलं तरी आहे म्हणायचं नाही. नाव घेतलं की ती ऐकते आणि परत येते. उतरवणारीनेही घ्यायचं नाही. सासूबाई तिला पाव्हणी म्हणायच्या. आणि घरातल्या माणसांनी अंगणात कोण आलंय ते बघायचं नाही, विचारायचं नाही. म्हणून रविवारी पहाटे मी मागचं दार लावून घ्यायचे आणि चहाचं आधण ठेवायचे.

आमचं दोघींचं यावरून एकोणीस वर्षं चाललं होतं. मी म्हणायचे, डोकं दुखतं तर डॉक्टरला दाखवा. त्या म्हणायच्या, तुही पिशवी तुह्यापाशी ठेव. मी मुद्दाम त्यांच्यासमोर "अर्धशिशी, अर्धशिशी" म्हणायचे आणि त्या कानात बोटं घालायच्या. आमचे हे हसायचे. शेवटी आम्ही तह केला. अंगण त्यांचं, पिशवी माझी. एकमेकींच्या कामात पडायचं नाही. हा तह मला फार शहाणपणाचा वाटला होता.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी वैष्णवी त्या अंगणात येऊन गेली होती. हे मला माहीत नव्हतं. तिला पंधराव्या वर्षापासून त्रास होता. आधी डोळ्यांपुढे चांदण्या चमकायच्या, मग एका बाजूचं दिसेनासं व्हायचं, आणि अर्ध्या तासाने अर्धं डोकं फुटायला लागायचं. सासूबाईंनी उतरवल्यावर ते कमी झालं. कसं झालं ते मला सांगता येणार नाही. तिचा विश्वास मात्र पक्का बसला, आणि तिने नियम पाळला. वैष्णवी कोणताही नियम पाळायची, हेच तर मी बैठकीत सांगितलं होतं.

पाचव्या पाकिटापासून चांदण्या परत आल्या. ती मला म्हणत होती, काही नाही ताई, मस्त. हा गोळीचा त्रास असेल हे तिच्या मनातच आलं नाही, तिच्या लेखी ती पाव्हणी होती. आषाढातल्या एका रविवारी ती पुन्हा आमच्या अंगणात येऊन बसली. मी दाराच्या अलीकडे चहात साखर घालत होते. दाराखालच्या फटीतून मला एक चप्पल दिसली होती, अंगठ्याचा पट्टा तुटून सुतळीने बांधलेली. ती चप्पल मी दर महिन्याला भगवंतरावांच्या दारात पाहत होते. तरी ती कोणाची हे मनात आलं नाही. न बघायची सवय झाली होती मला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, श्रावणात, धाडच्या बाजाराच्या दिवशी तिचं डोकं सकाळपासून दुखत होतं. हर्षल म्हणाला, आज राहू दे. ती म्हणाली, कोथिंबीर काढून ठेवली आहे, संध्याकाळपर्यंत पिवळी पडेल. स्कूटीवर पोतं बांधून गेली. दुपारी बाराच्या सुमारास तिच्या उजव्या हातातून तराजू पडला. शेजारी लसूण विकणाऱ्या बाईने पाहिलं, ती डाव्या हाताने उजवा हात उचलून बघत होती. तोंड एका बाजूला गेलं होतं. लोकांना वाटलं चक्कर आली. कोणी पाणी मारलं, कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी देवळाच्या सावलीत निजवलं. दीड तास त्यातच गेला. मग एका जीपवाल्याने दवाखान्यात नेलं, तिथून बुलढाण्याला, आणि बुलढाण्याहून संभाजीनगरला. मी बुलढाण्यापासून सोबत होते. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तोंडातून नुसता "ऊं, ऊं" असा आवाज येत होता. मी तिला म्हणत होते, बोलू नको, बोलू नको.

संभाजीनगरच्या डॉक्टरने तपासण्या पाहून सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूच्या नळीत रक्ताची गाठ अडकली. माणूस तरणा होता, माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने विचारलं, कसल्या गोळ्या चालू होत्या? मी पिशवीतून पाकीट काढून दिलं. म्हणाले, मी दिल्या. त्याने विचारलं, अर्धशिशीचा त्रास होता? मी कागद उलगडला. घडीवर घडी घालून जपून ठेवलेला कागद. "नाही"च्या चौकोनातली माझी खूण त्याला दाखवली. त्या क्षणी मला वाटलं की मी सुटले. हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

हर्षल भिंतीला टेकून उभा होता. तो खाली बघत म्हणाला, "तिले डोयापुढं चांदण्या दिसत, सर. एका डोयानं दिसत नसे. पण त्याचं नाव घ्याचं नसते ना."

"कोण म्हणालं घ्यायचं नसतं?" डॉक्टरने विचारलं.

हर्षलने माझ्याकडे पाहिलं. "ह्याहीच्या सासूबाई. सोजराकाकू."

डॉक्टर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे सांगितलं की गोळी वाईट नाही, लाखो बाया घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी ज्या बाईला आहे तिला ही गोळी कधीच द्यायची नसते, तिच्यात गाठीचा धोका फार वाढतो. अशा बाईला दुसरं काहीतरी द्यायचं. ती आठवड्याची गोळी, जिच्यात संप्रेरकच नसतं, ती चालली असती. आठवड्याची गोळी माझ्या पिशवीत होती. तेव्हाही होती, जानेवारीतही होती. पिशवी खांद्यावर घेऊन मी त्याच्यासमोर उभी होते.

चौथ्या दिवशी मी घरी आले. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. मी पिशवी आपटली आणि जे तोंडाला येईल ते बोलले. एकोणीस वर्षांत त्यांना एकेरी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, ते दुखणं आणि तुझी गोळी यांचा काय संबंध? मी सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांना कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

"आषाढात आल्ती ती," सासूबाई म्हणाल्या. "म्या विचारलं, कोनापाशी नाव काढलं का गं? काऊन परत आली पाव्हणी? तं म्हणे, नाही काकू. सुचिताताईनं विचारलं व्हतं, कागदावर लिवाले. पण मी नाही म्हणलं." त्यांनी लाकूड राखेत दाबलं. "म्या तिले म्हणलं, चांगलं केलं, माय. शाबास म्हणलं म्या तिले."

मी जमिनीवर बसले. त्या दिवशी दार उघडं असतं, किंवा सासूबाईंनी संध्याकाळी मला विचारलं असतं की तू बायांना डोकेदुखीचं कशाला विचारतेस, तर वैष्णवीची गोळी आषाढातच बंद झाली असती. पण आमचा तह होता. आणि मी? उतरवून घेतलेली बाई कधीच हो म्हणणार नाही, हे या गावात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी ते चिडवायला वापरत होते. कागदावर जो शब्द छापला होता तोच मी वैष्णवीला विचारला. चांदण्या दिसतात का एवढं विचारलं असतं तर तिने हो म्हटलं असतं, चांदण्यांचं नाव घ्यायला बंदी नव्हती. तिने माझ्यासमोर ओढणी डोक्यावर घेतली, जशी अंगणात घेत होती तशी, आणि मी मागे वळून सासरा आला का ते बघत बसले.

महिनाभराने तिला घरी आणलं. उजवा हात, उजवा पाय गेला. वाचा गेली. ऐकू येतं, कळतं, पण बोलता येत नाही. थोरली तिला भरवते. थोरली आता तीन वर्षांची आहे. घास तोंडाच्या वाकड्या बाजूने बाहेर येतो, मग ती पोर तो पुन्हा बोटाने आत ढकलते. धाकटी आईला ओळखते पण तिच्याजवळ निजत नाही. बागेत कोथिंबीर उभी वाळली. हर्षल एकटा बाजारात जातो आणि मिळेल त्या भावात माल देऊन लवकर परत येतो. भगवंतराव मला दिसले की रस्ता बदलतात. एकदा मात्र थांबले आणि म्हणाले, "मी ऑपरेशन करू देलं असतं तं..." आणि चालू लागले. त्यांचं खरंच होतं.

गावातल्या बायांनी गोळ्या टाकून दिल्या. अकरा जणी माझ्याकडून घेत होत्या, त्यातल्या नऊ जणींनी पाकिटं परत आणून दिली किंवा उकिरड्यावर फेकली. मी घरोघर फिरले. सांगितलं, सगळ्यांना धोका नसतो, बीपी मोजू, नीट विचारू, नको असेल तर दुसरं साधन देऊ, पण अशा एकदम सोडू नका. कोणी ऐकेना. दिवाळीपर्यंत त्यातल्या तिघींना दिवस राहिले. एकीने कोणाला न सांगता दुकानातून पाडायच्या गोळ्या आणून खाल्ल्या, आणि रक्त थांबेना म्हणून तिला बुलढाण्याला न्यावं लागलं. ती वाचली. मला मात्र दारात उभं करत नाही.

मी काम सोडलं नाही. सोडून कुठे जाऊ? प्रश्न तेवढे बदलले. आता मी ते नाव घेत नाही. विचारते, डोळ्यांपुढे कधी काही चमकतं का? एका बाजूचं दिसायचं बंद होतं का? रविवारी पहाटे आमच्या अंगणात कधी आली होतीस का? दोघींनी नुसत्या मानेने हो म्हटलं. त्यांना मी आठवड्याची गोळी दिली. वैष्णवीला त्याचा काय उपयोग?

सासूबाईंनी रविवारचं बंद केलं. दोऱ्याचं रीळ चुलीत घातलं. पण पहाटे उठायची सवय कुठे जाते? अंगणात एकट्याच बसून राहायच्या, जेवण निम्म्यावर आलं. गेल्या रविवारी अंगणातून आत आल्या आणि म्हणाल्या, मले तिच्याकडे ने. मी म्हणाले, कशाला, तिला अजून त्रास द्यायला? त्या दारात चपला घालून उभ्याच राहिल्या. मग नेलं.

वैष्णवीला ओट्यावर उशीला टेकवून बसवलं होतं. अंगावर गाऊन, खांद्यावर तिची पिवळी ओढणी. आम्हाला बघून भगवंतराव उठून गोठ्याकडे गेले. सासूबाई तिच्यासमोर खाली मातीत बसल्या, गुडघे दुखत असताना बसल्या.

"अर्धशिशी," सासूबाई म्हणाल्या.

एकोणीस वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांच्या स्वतःच्याही कानाने कधी ऐकला नसेल.

"अर्धशिशी," त्या पुन्हा म्हणाल्या. "तूबी म्हण, माय. आता बंदी नाही. माहा शब्द म्या मांगं घेतला. सुचिताले सांग, मले अर्धशिशी हाये म्हणून. म्हण."

वैष्णवीचे ओठ हलले. गाल ओढला गेला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि "ऊं" एवढंच आलं. थोरली खेळता खेळता थांबली आणि आईचं तोंड पुसायला फडकं घेऊन आली. सासूबाई म्हणत राहिल्या, म्हण, माय, म्हण. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, म्हणाले, आत्याबाई, पुरे.

वैष्णवी सासूबाईंकडे बघत होती. मग तिने डावा हात हळूहळू वर नेला, ओढणीचं टोक चाचपडून धरलं आणि दोन-तीनदा निसटू देत डोक्यावर ओढून घेतलं. मान उगवतीकडे वळवली आणि डोळे मिटले.

सासूबाईंचा अंगठा तिच्या कपाळाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. वैष्णवी डोळे मिटून वाट बघत होती.